जुन्या गोव्याची मार्गदर्शित यात्रा : एक परीक्षण

ग्रंथाचे परीक्षण, प्रवचनसंग्रहाचे परीक्षण, क्वचित एखाद्या भक्तिनाट्याचे परीक्षण, हे लेखनप्रकार आमच्या वाचकांस परिचित आहेत. यात्रेचे परीक्षण करावयाचे म्हटले तर प्रथमदर्शनी ते काहीसे चमत्कारिक वाटेल. तरीही ते आम्ही करीत आहो, आणि त्याचे कारण साधे आहे. आमच्या धर्मग्रामांतील किती घरांत धर्मशास्त्रावरील पुस्तक विकत घेतले जाते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. याउलट जुन्या गोव्याला एकदाही न गेलेले कॅथलिक कुटुंब बेळगाव, खानापूर, सावंतवाडी या बाजूस शोधूनच काढावे लागेल. तेथे मार्गदर्शक जे सांगतो ते ही माणसे घरी घेऊन येतात, मुलाबाळांस सांगतात, शेजारच्या हिंदू बांधवांसही सांगतात. म्हणजे त्या चार तासांपुरता तो मार्गदर्शक आमचा धर्मशिक्षकच असतो. धर्मशिक्षकाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे याविषयी आपण इतका काथ्याकूट करतो. मग या बोलत्या पुस्तकाकडे डोळेझाक करणे उचित होणार नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या भागातील बेचाळीस जणांसमवेत आम्ही अशा एका यात्रेत सहभागी झालो. त्यांत अकरा धर्मशिक्षक होते. आयोजकांचे वा मार्गदर्शकाचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. जे दोष आम्हांस दिसले ते एका व्यक्तीचे नसून रूढ झालेल्या पद्धतीचे आहेत, आणि त्यांतील काहींत आमचाही वाटा आहे. तो पुढे यथास्थळी सांगू.

१. यात्रेचे स्वरूप आणि तिचे गुण

पहाटे चारला निघालेली गाडी साडेनऊला जुन्या गोव्यात पोहोचली. क्रम असा होता : से कॅथीड्रल, संत फ्रान्सिस आसिसीकर यांचे चर्च, लगतचे सेंट कॅथरिनचे चॅपेल, बॉ जेझुस बॅसिलिका, संत काजेतान यांचे चर्च, व्हाइसरॉयची कमान, आणि शेवटी पवित्र टेकडीवरील संत ऑगस्टिनच्या चर्चचे अवशेष. जेवण दीड वाजता. 'वेळ उरल्यास' पवित्र मिस्सा जेवणानंतर, असे छापील पत्रकात म्हटले होते.

प्रथम गुण सांगणे हा परीक्षणाचा धर्म आहे. मार्गदर्शकाचा अभ्यास चांगला होता. से कॅथीड्रलचे बांधकाम १५६२ साली सुरू झाले आणि अभिषेक १६४० साली झाला. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला व पुन्हा उभारला गेला नाही. बॉ जेझुसचा पाया १५९४ साली घातला गेला आणि १६०५ साली आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या हस्ते अभिषेक झाला. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीचे संगमरवरी काम फ्लॉरेन्सच्या फोजिनी या शिल्पकाराचे असून ते टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांनी दिलेले आहे व १६९८ साली येथे उभारले गेले. ही सर्व माहिती त्यांनी न चाचरता, योग्य क्रमाने सांगितली. भाषा स्वच्छ मराठी होती. वृद्धांस सावलीत उभे करण्याची, पायऱ्यांवर हात देण्याची काळजी त्यांनी घेतली. १९८६ साली युनेस्कोने या चर्चेस व मठांस जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो कशासाठी, हेही त्यांनी नीट समजावून दिले. एखाद्या इतिहासाच्या विद्यार्थ्यास या चार तासांत पुष्कळ मिळाले असते.

परंतु पत्रकावर 'पवित्र यात्रा' असे शब्द होते. ज्या नावाने ही यात्रा विकली जाते त्या नावाच्या कसोटीस ती उतरते काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

२. प्रार्थनेला जागा कोठे?

पहिला आक्षेप सर्वांच्या लक्षात येण्याजोगा आहे. सबंध सकाळीत सामुदायिक प्रार्थना एकदाही झाली नाही. बॉ जेझुसमध्ये समाधीपाशी आम्हांस दहा मिनिटे मिळाली. त्यांतील सात छायाचित्रांत गेली. गुडघे टेकलेल्या दोन बायांना "ताई, चला, गाडी सुटेल" अशी हाक आली. मिस्सा झाली नाही, कारण वेळ उरला नाही. जी गोष्ट वेळ उरल्यास करावयाची असते ती सहसा होत नाही, हा आपल्या सर्वांचाच अनुभव आहे.

येथे यात्रेकरू आणि पर्यटक असा ढोबळ भेद करून पर्यटकाला हिणवणे सोपे आहे. तो मोह आम्ही टाळू इच्छितो. यात्रेत पाहणे, खाणे, हसणे, सोबत असणे हे पूर्वापार आहे. रोम शहरात संत फिलीप नेरी (१५१५-१५९५) यांनी सात प्रमुख मंदिरांची पायी यात्रा लोकप्रिय केली, तिचे उदाहरण घ्यावे. संत पेत्र, संत पौल, संत सेबास्तियन, लॅटरानचे संत योहान, जेरुसलेमचा पवित्र क्रूस, संत लॉरेन्स आणि थोरली संत मरिया, अशी ती सात स्थाने. कार्निव्हलच्या दिवसांत, शहर बेभान झालेले असता, फिलीप तरुणांना घेऊन निघत. वाटेत गाणी असत, वाद्ये असत, मळ्यात बसून सर्वांचे एकत्र जेवण असे. आनंदाची त्यांस बंदी नव्हती. पण प्रत्येक दोन स्थानांमधले चालणे प्रार्थनेने व चिंतनाने भरलेले असे, आणि मिस्सा ही त्या दिवसाचा कणा असे. म्हणजे मार्गदर्शित चर्चयात्रा ही आजच्या सहल-व्यवसायाची कल्पना नाही. एका संताने चारशेहून अधिक वर्षांपूर्वी तिचा नमुना घालून दिला आहे. त्याच नमुन्याने तिला मोजले पाहिजे.

आम्हां मराठी भाषकांस तर हे वेगळे सांगावयास नको. ज्या प्रदेशात पंढरीची वारी शतकानुशतके चालते तेथील माणसाला वाट हीच उपासना असते, हे उपजत कळते. संत झेवियर यांच्या नोव्हेनाच्या दिवसांत आजही आमच्या बाजूचे लोक घाट उतरून पायी जुन्या गोव्यास जातात. त्यांना कोणी फोजिनीचे नाव सांगितलेले नसते. पण ते ज्या स्थितीत तेथे पोहोचतात त्या स्थितीत आमची बेचाळीस माणसे पोहोचली नव्हती. गाडीने जाणे हा दोष नाही. गाडीत सकाळभर चित्रपटगीते लावून मग मंदिराच्या दारात एकाएकी भक्ती उत्पन्न होईल अशी अपेक्षा करणे, हा दोष आहे.

२००१ साली रोमच्या उपासनाविषयक मंडळाने लोकभक्ती व उपासना यांवर जी मार्गदर्शिका काढली तीत यात्रेचे निरनिराळे पैलू सांगितले आहेत : ती अंतिम ध्येयाकडे दृष्टी लावते, पश्चात्तापाला वळण देते, सणाचा आनंद देते, उपासनेला पोहोचवते, साक्ष देते आणि माणसांस परस्परांशी जोडते. या सहांपैकी आमच्या यात्रेत सणाचा आनंद तेवढा होता. उरलेले पाच कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

३. कोणाची कथा सांगितली गेली?

दुसरा आक्षेप कथनाविषयी आहे, आणि तो अधिक खोल आहे. मार्गदर्शकाच्या कथेचा नायक कोण होता? २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, आफोन्सु द आल्बुकर्क यांनी शहर जिंकले, येथून कथेस आरंभ झाला. त्यानंतर व्हाइसरॉय, आर्चबिशप, ड्यूक अशी नामावळी चालू राहिली. संत कॅथरिनच्या चॅपेलवरील शिलालेख आल्बुकर्कच्या शहरप्रवेशाचे स्मरण देतो. त्यापुढे आमची मंडळी बराच वेळ उभी होती. त्या जागी विजयाचे स्मरण कोरलेले आहे हे खरे, आणि ते वाचून दाखवणे इतिहासाला धरून आहे. पण ख्रिस्तसभेचा इतिहास जेत्यांच्या दाराने सांगितला की ऐकणाऱ्याच्या मनात विश्वास आणि विजय यांची गाठ पडते. आमच्या गटातील प्रत्येकाचा वर्ण, भाषा, कूळ या मातीतले. त्यांनी त्या कथेत आपली जागा कोठे शोधावी?

वास्तविक ती जागा त्याच वाटेवर होती. तीन उदाहरणे पुरेत.

से कॅथीड्रलमध्ये चमत्काराच्या क्रुसाचे चॅपेल आहे. क्रूस वाढत गेला अशी आख्यायिका आहे, असे मार्गदर्शकाने सांगितले आणि आम्ही पुढे गेलो. हा क्रूस मूळचा शेजारच्या बोआ व्हिश्त टेकडीवरचा. त्याच टेकडीवरील चर्चमध्ये १६८५ साली गोमंतकीय धर्मगुरूंनी ओरेटरी स्थापन केली, आणि तिला वळण लावले बाणावलीच्या योसेफ वाझ यांनी. युरोपीय संघांत त्या काळी एतद्देशीय धर्मगुरूंस सहसा प्रवेश नसे. म्हणून या मंडळींनी आपला संघ उभारला आणि आदर्श घेतला तो वर उल्लेखिलेल्या फिलीप नेरी यांचा. तेथून निघून वाझ श्रीलंकेत गेले, डच अमलाखाली छळ सोसणाऱ्या कॅथलिकांमध्ये वेषांतराने फिरले, आणि १७११ साली कॅण्डी येथे वारले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांस संत म्हणून घोषित केले. आमच्याच रक्ताचा एक संत, त्याच्या संघाच्या आरंभाशी निगडित क्रूस आमच्यासमोर, आणि आम्हांस ऐकू आली ती वाढत्या लाकडाची गोष्ट!

दुसरे उदाहरण भाषेचे. जुन्या गोव्यात रस्त्याच्या कडेस सेंट पॉल महाविद्यालयाची एकाकी कमान उभी आहे. आमची गाडी तिच्यावरून पुढे गेली; कोणी मान वळवली नाही. १५५६ साली भारतातील पहिला छापखाना या महाविद्यालयात आला. येशूसंघाचे इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, साष्टीच्या खेड्यांत आयुष्य घालवून त्यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले, आणि ते १६१६ साली रायतूरला छापून निघाले. त्यांच्या मागोमाग फ्रेंच धर्मगुरू एतिएन द ला क्रुआ यांनी संत पेत्रावर मराठी पुराण लिहिले. तेही १६२९ ते १६३४ या काळात गोव्यात छापले गेले. ख्रिस्ताचे नाव मराठी छंदात प्रथम याच परिसरात घुमले. मराठी भाषक धर्मशिक्षकांच्या गटाला जुन्या गोव्यात सांगावयाची याहून महत्त्वाची गोष्ट आम्हांस तरी माहीत नाही. मार्गदर्शक मराठीतच बोलत होते. पण ती भाषा तेथे कशी आली, हे त्यांच्या टिपणांत नव्हते.

तिसरे उदाहरण हातांचे. समाधीचे संगमरवर इटलीहून आले, हे आम्ही ऐकले. पण ज्या रुपेरी पेटीत संताचे शरीर ठेवले आहे ती १६३६-३७ साली गोव्यातीलच कारागिरांनी घडवली, हे सांगितले गेले नाही. पेटीवरील नाजूक काम पाहून आमच्या गटातील एका सोनार गृहस्थांनी "हे आपल्याकडचं काम दिसतंय" असे हळूच म्हटले. त्यांचा डोळा बरोबर होता. त्यास दुजोरा देणारे कोणी नव्हते.

४. जे बोलले गेले नाही

आता सर्वांत अवघड भागाकडे वळू. से कॅथीड्रलसमोरील चौकात उभे असता आमच्यातील एका तरुण धर्मशिक्षिकेने विचारले, "धर्मन्यायालयाचा वाडा इथंच होता ना?" मार्गदर्शक म्हणाले, "ते जुनं राजकारण आहे, त्यात आपण नको जाऊया." तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "नंतर बोलू." नंतर आम्ही बोललो नाही. या परीक्षणात इतरांच्या उणिवा मोजताना ही आमची उणीव प्रथम नोंदवली पाहिजे. धर्मगुरूने टाळलेला प्रश्न मार्गदर्शकाने सोडवावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

सांगावयास हवे होते ते थोडक्यात असे. गोव्यात धर्मन्यायालय १५६० साली स्थापन झाले आणि मध्यंतरीची १७७४ ते १७७८ ही वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याचा वाडा याच चौकाच्या परिसरात होता. नवख्रिस्ती यहुद्यांवर आणि पूर्वजांचे आचार न सोडलेल्या एतद्देशीय ख्रिस्ती जनांवर तेथे खटले चालले. कैद झाली, मालमत्ता जप्त झाली, काहींस जिवंत जाळण्यात आले. विश्वास हा बळाने घालता येत नाही हे सत्य जाणणाऱ्या सभेच्या नावाने हे घडले. स्वतः संत झेवियर यांनी १५४६ साली पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून गोव्यात असे न्यायालय असावे अशी मागणी केली होती. ते स्थापन झाले तेव्हा त्यांच्या मृत्यूस आठ वर्षे होऊन गेली होती. आणि गुंतागुंत अशी की, ज्या ख्रिस्तपुराणाचा आम्ही वर अभिमानाने उल्लेख केला तेही याच न्यायालयाच्या परवानगीने छापले गेले.

हे सांगितल्याने लोकांची श्रद्धा डळमळेल, असे काही बंधू म्हणतील. आमचा अनुभव उलट आहे. ही माहिती आज कोणापासून लपलेली नाही. आमच्या तरुणांना ती मिळते. पण ती मिळते बहुधा द्वेषाच्या भाषेत, वाटेल ते आकडे फुगवून, आणि आजच्या ख्रिस्ती शेजाऱ्याला आरोपी ठरवण्यासाठी. अशा वेळी तो तरुण आपल्या धर्मशिक्षकाकडे येतो. धर्मशिक्षकाने हे प्रथमच ऐकले असेल तर तो गोंधळतो. ऐकून लपवले असेल तर त्याच्यावरचा विश्वास जातो. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी संत पेत्राच्या मंदिरात, सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्तसभेच्या लेकरांनी असहिष्णुतेची व बळजबरीची जी साधने वापरली त्यांबद्दल देवाजवळ जाहीरपणे क्षमा मागितली. परमगुरूंनी वेदीसमोर जे उच्चारले ते आम्हांस चौकात उभे राहून उच्चारावयास भय का वाटावे?

यात्रेचे न्यायालय करावे असे आमचे म्हणणे नाही. यात्रेत पश्चात्तापाला स्थान असते, आणि जुन्या गोव्यात त्याचे योग्य स्थान तो चौक आहे. दोन मिनिटे तेथे उभे राहावे, घडले ते सरळ शब्दांत सांगावे, आणि त्या माणसांसाठी प्रार्थना करावी. आमच्या तरुण भगिनीला तेवढेच हवे होते.

५. अवशेष आणि आश्चर्य

चौथा आक्षेप पवित्र अवशेषांविषयीच्या बोलण्याचा आहे. संत झेवियर यांचे शरीर न कुजता राहिले, एका भाविक स्त्रीने पायाचे बोट चावून नेल्याची कथा आहे, उजवा हात रोमला गेला, असे एकामागून एक आश्चर्य आम्हांस ऐकवले गेले. यांतील हाताची गोष्ट इतिहास आहे, बोटाची गोष्ट परंपरेने आलेली आहे. दोन्ही एकाच सुरात सांगितल्या गेल्या. त्यावर एका मुलाने विचारले, "मग आता ते कुजतंय का?" प्रश्न बालिश म्हणून सोडून देण्याजोगा नाही, ज्या पद्धतीने सांगितले गेले तिचा तो स्वाभाविक शेवट होता. शरीर टिकण्यावरच श्रद्धा टांगली, तर ते झिजू लागताच श्रद्धाही झिजणार.

ट्रेंट महासभेने १५६३ साली अवशेषांच्या सन्मानाचे कारण स्पष्ट केले आहे : ही शरीरे ख्रिस्ताचे जिवंत अवयव व पवित्र आत्म्याचे मंदिर होती, आणि त्यांस पुनरुत्थान लाभणार आहे. या दृष्टीने पाहिले असता सुकलेले, जीर्ण झालेले शरीरही तेवढेच बोलके ठरते. ते पाय आशियाभर चालले. ते मुख मुलांपुढे प्रार्थना घोकून घेत असे. ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरल्यावर झेवियर हातात घंटा घेऊन गल्ल्यांतून फिरत आणि मुलांना व गुलामांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत. आमच्या अकरा धर्मशिक्षकांपैकी एकासही त्या सकाळी कळले नाही की, समाधीत झोपलेला तो माणूस त्यांच्याच पेशाचा होता. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालेल्या दर्शनसोहळ्यास देशोदेशींचे लोक आले. पुढच्या सोहळ्यापूर्वी निदान आमच्या धर्मशिक्षकांनी तरी घंटेची गोष्ट अगोदर सांगावी, बोटाची मागाहून.

संत ऑगस्टिनच्या अवशेषांपाशी तर मोठी संधी वाया गेली. १६०२ साली पूर्ण झालेले हे चर्च. धार्मिक संघांना १८३५ साली गोव्यातून हाकलल्यावर ते ओस पडले, १८४२ साली त्याची कमानदार छपरे कोसळली, १९३१ साली दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. हे सर्व सांगितले गेले. पण तेथेच जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष सापडले, ही गोष्ट एका वाक्यात संपली. धर्मत्यागास नकार दिल्याने १६२४ साली इराणात शिराझ येथे ती हुतात्मा झाली. ऑगस्टिनच्या संघाच्या व्रतस्थांनी तिचे अवशेष गोव्यात आणले. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांच्या आधारे पुरातत्त्व खात्याने ते शोधले, हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्राने डीएनए तपासणी करून त्यास दुजोरा दिला, आणि २०२१ साली भारताने अवशेषाचा भाग जॉर्जियास सुपूर्द केला. कॅथलिक व्रतस्थांनी ऑर्थोडॉक्स राणीची हाडे जपली आणि हैदराबादच्या प्रयोगशाळेने ती ओळखली. ख्रिस्ती ऐक्याच्या आठवड्यात सांगण्यासाठी याहून चांगले आख्यान कोठे मिळेल?

६. काय करता येईल?

मार्गदर्शक पोटासाठी राबतो, गट मोठा असतो, वेळ अपुरा असतो. ही अडचण आम्ही जाणतो. म्हणून आमच्या सूचना मार्गदर्शकासाठी नाहीत, यात्रा नेणाऱ्या धर्मगुरूंसाठी व धर्मशिक्षकांसाठी आहेत.

सात स्थानांऐवजी चार घ्यावीत. आरंभ शेवटच्या ठिकाणापासून, म्हणजे ऑगस्टिनच्या ढिगाऱ्यापासून करावा. एका शिष्याने मंदिराचे भव्य चिरे दाखवले तेव्हा प्रभूने काय उत्तर दिले, तो मार्काच्या शुभवर्तमानातील प्रसंग तेथे वाचावा. दगडांकडे कसे पाहावे हे तेथे शिकून मग पुढे जावे. दुसरे स्थान से कॅथीड्रल : बाहेरच्या चौकात पश्चात्तापाची प्रार्थना, आत बाप्तिस्म्याच्या जुन्या पाषाणापाशी बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण, आणि चमत्काराच्या क्रुसापाशी संत योसेफ वाझ यांची कथा. तिसरे सेंट पॉलची कमान : तेथे पाच मिनिटे गाडी थांबवून मराठीत एक भक्तिगीत म्हणावे, एवढे पुरे. चौथे बॉ जेझुस, आणि तेथे ठरल्या वेळी मिस्सा. ती अगोदर कळवून ठरवावी आणि उरलेला दिवस तिच्याभोवती बसवावा. मार्गदर्शकास प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे द्यावीत. ते आपले काम उत्तम करतील. जे आमचे काम आहे ते आम्ही करावे. निघण्यापूर्वीच्या रविवारी धर्मशिक्षकांनी तासभर पूर्वतयारी घ्यावी, आणि प्रत्येकाने एका स्थानाची कथा स्वतः सांगण्याची जबाबदारी घ्यावी.

एक गोष्ट सांगून थांबतो. आमच्यासोबत एक वयोवृद्ध धर्मशिक्षक होते. खानापूर भागातील एका खेड्यात ते चाळीस वर्षे मुलांना शिकवीत आहेत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात वहीचा एक घडी घातलेला कागद होता. त्यावर गावातील एकतीस नावे होती : आजारी माणसे, मूल न झालेली एक सून, दारूपायी घर सोडून गेलेला एक मुलगा, वर्षभरात वारलेले चौघे. गावाने ती नावे त्यांच्यासोबत पाठवली होती. प्रत्येक चर्चमध्ये ते आम्हांस विचारत, "फादर, ही यादी इथं वाचायची का?" आणि आम्ही म्हणत होतो, "पुढच्या ठिकाणी वाचू, मास्तर." जेवणानंतर पुढचे ठिकाण उरले नाही.

परतीच्या वाटेवर, घाट चढत असता, ते गाडीत पुढे आले आणि त्यांनी तो कागद आमच्या हाती दिला. गाणी बंद करावयास सांगून आम्ही ती नावे वाचली, आणि प्रत्येक नावामागे सर्वांनी उत्तर दिले. त्यास सहा-सात मिनिटे लागली असतील. सकाळी बॉ जेझुसमध्ये आमच्यापाशी दहा मिनिटे होती.

पुढील वर्षी आम्ही पुन्हा जाणार आहोत. त्या यात्रेचे पत्रक छापावयास देण्यापूर्वी आम्ही गावोगावच्या धर्मशिक्षकांकडून अशा याद्या मागवणार आहो. किती चर्चे पाहावयाची, हे त्यानंतर ठरेल.